खुर्ची सोडून

कास्त्रोच्या खाडीत खांबांवर उभं आमचं घर.
भरतीला पाणी जमिनीच्या फळ्यांना खालून चाटतं,
ओहोटीला चिखल, दोन बगळे,
आणि कुणाचा तरी एकच बूट.
मीठ लाकडातून वर वर चढत जातं
आणि बिजागऱ्यांत जाऊन बसतं.

म्हणून इथली दारं बोलतात.
न्हाणीघराचं रडकं, कोठीचं खोकतं,
आणि पुढचं, खाडीकडचं,
ते तर असं किंचाळायचं
की भिंतीपलीकडून दोन्या एदुविना म्हणायची,
"उठले वाटतं मियालोंको!"

पण पहाटे साडेतीनला, होडीवर निघताना,
बाबा दाराच्या मुठीखाली खांदा लावायचा,
दार अख्खं उचलायचा, वीतभर नाही, नखभर,
आणि झोपलेलं मूल कुशीवर वळवावं
तसं वळवायचा.
आम्ही चार भावंडं गाढ.
मी सोडून.
मी जागी असायचे,
दाराचं न वाजणं ऐकत.

मग इंजिनाने त्याचे कान खाल्ले.
बत्तीस वर्षं, घास घास.
आता तो डोळ्यांत तेल घालून जगतो
आणि उरलेलं तेल
या ऑगस्टच्या गारठ्यात
बिजागऱ्यांना घालायला निघालाय.

शिलाई मशीनच्या तेलाची कुपी,
मेणबत्तीचं बुड, पेन्सिलीचं शिसं,
एक लांब खिळा, हातोडी,
आणि आईचा राहिलेला एक लोकरी मोजा, पुसायला.

"कुठलं वाजतंय ते मी सांगते," मी पाटीवर लिहिलं.
"नको," तो म्हणाला, गरजेपेक्षा मोठ्याने,
"तुला दारांची दया येते."

तो बिजागरीवर तीन बोटं ठेवतो,
दुसऱ्या हाताने दार हलवतो, सावकाश,
वैद्य नाडी बघतो तसा, डोळे मिटून.
"इथे," म्हणतो. "वरची. खालची नुसती साथ देतेय."
खिळ्याने खुंटी वर ठोकतो, ओढून काढतो,
गंज पुसतो मोज्याने. मोजा तांबडा होतो.
तेलाचे दोन थेंब. तिसरा नाही.
"तिसरा थेंब धूळ बोलावतो."

खणाला मेण. पलंगाच्या सांध्याला शिसं.
कपाटाच्या दाराखाली घडी घातलेला
मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचा मार्च.
संध्याकाळपर्यंत घर असं गप्प झालं
की मला चुलीतलं ओलं लाकूड ऐकू येऊ लागलं,
खालचं पाणी, आणि माझंच गिळणं.
त्याला काही फरक नव्हता, अर्थात.
हात धुताना मात्र शीळ घालत होता,
भयंकर बेसूर.

राहिली खुर्ची. चुलीपाशची, त्याची.
बसला की कुरकुरते, उठला की ओरडते,
रात्री दोनला तो पाय शेकायला येतो
तेव्हा मला पलीकडच्या खोलीत कळतं.
मी कुपी उचलली नाही.
म्हटलं, त्याला कुठे ठाऊक आहे.

तो बसला. पाठ टेकली.
हाताची बोटं खुर्चीच्या दांड्यावर, तीनच,
जरा वेळ तशीच.
"हिचं राहू दे," म्हणाला.
"नाहीतर रात्री शोधत फिरशील मला घरभर."

मी पाटी घेतली, पण लिहायला काही सुचेना.
बटाटे सोलायला घेतले.

आता पुढचं दार एका बोटाने उघडतं.
तरी तो खांदा लावतो.
मीही.
काल दोन्या एदुविना आली बटाटे मागायला,
तिने बघितलं,
आणि जाताना, काही न विचारता,
तिनेही दार जरासं उचललं.